विश्लेषण : स्फोटकांच्या कारखान्यातील भंगार जाते कुठे? आल्फ्रेड नोबेल यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

वसई पूर्वेकडील सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये भंगारवाल्याची फेरी ही रोजची गोष्ट आहे. पत्रा कापून उरलेल्या कातरणी, मोल्डिंगमधून बाद झालेले प्लास्टिक, फाटकी खोकी, जुने ड्रम असे सगळे वजनावर विकले जाते. माल वाया गेला तरी त्याचे थोडे पैसे सुटतात. पण एक उद्योग असा आहे, की ज्याच्या दाराशी भंगारवाला येऊच शकत नाही. तो म्हणजे स्फोटकांचा उद्योग. तिथे सांडलेला, गळलेला, धुऊन गेलेला किंवा बाद ठरलेला माल तेवढाच धोकादायक असतो. कधी कधी तर चांगल्या मालापेक्षाही जास्त.

वाया जाणे आणि जीव जाणे यांतले हे नाते ज्याने सर्वात जवळून पाहिले, तो माणूस जगाला पुरस्कारांमुळे माहीत आहे. आल्फ्रेड नोबेल. दरवर्षी 10 डिसेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये नोबेल पुरस्कार दिले जातात. त्यांच्या आयुष्याकडे कारखानदारीच्या अंगाने पाहिले, तर आजच्या स्फोटक उद्योगापुढील कचरा आणि प्रदूषणाचे प्रश्न समजायला सोपे जातात.

नोबेल यांचे घराणे काय करत होते?

आल्फ्रेड यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1833 रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील इमॅन्युएल हे अभियंता आणि संशोधक होते. पण मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. पुढे ते रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले, तिथे त्यांनी कारखाना काढला आणि 1842 मध्ये कुटुंबाला बोलावून घेतले. रशियन सैन्यासाठी ते पाण्याखालचे सुरुंग बनवत. क्रिमियाच्या युद्धात (1853 ते 1856) या सुरुंगांचा वापर झाला.

मुलांचे शिक्षण घरीच, खासगी शिक्षकांकडे झाले. सतराव्या वर्षापर्यंत आल्फ्रेड यांना स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या पाच भाषा येऊ लागल्या होत्या. रसायनशास्त्र ते निकोलाय झिनिन यांच्याकडे शिकले आणि नंतर पॅरिसमध्ये पेलूझ यांच्या प्रयोगशाळेत गेले. पेलूझ यांचेच एक माजी विद्यार्थी, इटलीचे अस्कानियो सोब्रेरो यांनी 1847 मध्ये नायट्रोग्लिसरीन हा तेलकट द्रव शोधून काढला होता. त्याची ताकद पाहून सोब्रेरो स्वतःच धास्तावले होते.

युद्ध संपले आणि सैन्याची मागणी थांबली. वडिलांचे पुन्हा दिवाळे निघाले. 1863 मध्ये आल्फ्रेड स्वीडनला परतले, ते नायट्रोग्लिसरीन कामाला लावायचे हे मनाशी ठरवूनच.

त्या काळी सुरुंग कशाने लावत?

काळ्या दारूने. महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे, तर मुंबई-पुणे मार्गावरचा भोर घाट. या घाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. 25 बोगदे आणि मैलोन्‌मैल कातळ फोडण्याचे ते काम छिन्नी-हातोडा आणि काळ्या दारूच्या बळावर झाले. रोगराई आणि अपघातांत मोठ्या संख्येने मजूर दगावले. योगायोग असा, की नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनच्या वापराचे पहिले पेटंट घेतले तेही 1863 मध्येच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सह्याद्रीतला हा पहिला मोठा रेल्वेघाट डायनामाइटच्या आधीच्या जगात बांधला गेला.

काळी दारू हळू जळते. तिची बरीच शक्ती दगड फोडण्याऐवजी धुरात आणि उष्णतेत जाते. नायट्रोग्लिसरीन कितीतरी जोरकस. पण त्याला नुसती बत्ती दिली, तर ते कधी फक्त जळे, कधी अर्धवट उडे, आणि न उडालेला भाग खडकाच्या भोकात तसाच राही. पुढच्या पाळीच्या मजुराची पहार त्यावर पडली की अनर्थ.

नोबेल यांनी उपाय काढला तो छोट्या स्फोटाने मोठा स्फोट घडवण्याचा. 1865 च्या सुमारास त्याला धातूच्या लहान टोपीचे रूप मिळाले. आज आपण ज्याला डिटोनेटर म्हणतो तो हाच. भरलेला माल पूर्ण उडावा, मागे काही उरू नये, हा त्याचा पहिला फायदा. उधळपट्टी थांबली आणि धोकाही घटला. पुढच्या 30 वर्षांत त्यांच्या कामात हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

मग 1864 मध्ये काय घडले?

3 सप्टेंबर 1864 रोजी स्टॉकहोमच्या हेलेनेबोर्ग भागात नोबेल कुटुंबाच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला. पाच जण ठार झाले. त्यात आल्फ्रेड यांचा धाकटा भाऊ एमिल होता. त्याला एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. काही महिन्यांतच वडिलांना पक्षाघात झाला आणि ते पुन्हा पूर्ण बरे झाले नाहीत.

शहराच्या हद्दीत असले प्रयोग करायला बंदी आली, तेव्हा आल्फ्रेड यांनी जवळच्या मालारेन सरोवरात तराफ्यावर काम सुरू केले. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दुर्घटनेला दोन महिनेही झाले नव्हते, त्यांनी कंपनी स्थापन केली. स्टॉकहोममधल्या रेल्वेबोगद्यासाठी सरकारी रेल्वेने त्यांचा माल घेतला. ही जिद्द होती की निष्ठुरपणा, यावर त्यांचे चरित्रकार अजून वाद घालतात. एवढे खरे, की भावाच्या मृत्यूबद्दल ते जाहीरपणे फारसे बोलले नाहीत आणि काम सोडले नाही.

गळती हा एवढा मोठा प्रश्न का होता?

नायट्रोग्लिसरीन द्रवरूपात पत्र्याच्या डब्यांतून आणि बाटल्यांतून जगभर जाऊ लागले. डबे गळत. हा द्रव साध्या तेलासारखा दिसे, त्यामुळे कुणी तो गाडीच्या चाकांना वंगण म्हणून लावी, तर कुणी दिव्यात घाली. एप्रिल 1866 मध्ये पनामाच्या किनाऱ्यावरील बंदरात एका जहाजावर भीषण स्फोट झाला. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गळका खोका हातोडी-छिन्नीने उघडताना आणखी एक. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ एल्ब नदीकाठी क्रुमेल येथे नोबेल यांनी काढलेला कारखानाही त्याच वर्षी उद्ध्वस्त झाला. ब्रिटनने 1869 मध्ये कायदा करून नायट्रोग्लिसरीनवर कडक निर्बंध आणले.

कारखान्याच्या वहीत जी गळती शेकडा एखादा टक्का तूट म्हणून लिहिली गेली असती, तिने बंदरात माणसे मारली. इतर उद्योगांत गळतीचा अर्थ नुकसान एवढाच होतो. इथे तोच माल, तेवढ्याच ताकदीनिशी, फक्त चुकीच्या जागी जाऊन पडतो.

डायनामाइटने नेमके काय बदलले?

क्रुमेलच्या आसपास कीझेलगूर नावाची हलकी, सच्छिद्र माती मिळते. पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांची ती बनलेली असते. स्पंज पाणी शोषतो तशी ती नायट्रोग्लिसरीन शोषून धरते. साधारण तीन भाग द्रव आणि एक भाग माती मिसळली की मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो. तो गळत नाही, कागदात गुंडाळता येतो आणि धक्क्याने सहसा उडत नाही. 1867 मध्ये नोबेल यांनी याचे पेटंट घेतले आणि त्याला डायनामाइट हे नाव दिले.

गळती थांबली. पण अभियंत्याच्या नजरेने पाहिले, तर एक नवा तोटा जन्मला होता. त्या कांडीतला चौथा हिस्सा माती होता. ती स्फोटात काहीच काम करत नव्हती. उलट तापण्यात थोडी ऊर्जा खात होती. खणून आणायची, भाजायची, वाहून न्यायची आणि शेवटी खडकात उधळून टाकायची, एवढाच तिचा प्रवास.

हा रिकामा हिस्सा नोबेल यांना स्वस्थ बसू देईना. 1875 मध्ये त्यांनी मातीच्या जागी असा पदार्थ आणला, जो स्वतःही स्फोटक होता. नायट्रेट केलेला कापूस थोड्याच प्रमाणात नायट्रोग्लिसरीनमध्ये विरघळवला की जेलीसारखा घट्ट पदार्थ तयार होतो. हेच ब्लास्टिंग जिलेटिन. यात निष्क्रिय भार जवळपास उरला नाही, पाण्यातही ते टिकले आणि ताकद डायनामाइटपेक्षा वाढली. आल्प्स पर्वतातील 15 किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यासारखी कामे या नव्या स्फोटकांमुळे शक्य झाली. त्या बोगद्याने सुमारे 200 मजुरांचा बळी घेतला, हेही इथे नोंदवायला हवे.

आपल्याकडे पोलिसांच्या बातम्यांत येणारा जिलेटिनच्या कांड्या हा शब्द थेट या 1875 च्या शोधातून आलेला आहे.

कारखान्यात वाया काय जात होते?

नायट्रोग्लिसरीनचा कच्चा माल म्हणजे ग्लिसरीन. साबण आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यांत ते आपोआप तयार होते आणि पूर्वी बरेचसे टाकून दिले जाई. स्फोटकांच्या मागणीमुळे त्याला भाव आला आणि साबणवाले सांडपाण्यातून ते परत मिळवू लागले. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल झाल्याचे हे एकोणिसाव्या शतकातले ठळक उदाहरण आहे.

पण पुढची गोष्ट एवढी सुरेख नाही. कागदावरच्या हिशेबानुसार ग्लिसरीन आणि नायट्रिक आम्ल मिळून 100 किलो माल आत गेला, तर सुमारे 81 किलो स्फोटक आणि 19 किलो पाणी बाहेर पडते. हे पाणी शोषून घेण्यासाठी गंधकाम्ल लागते. ते स्वतः खर्ची पडत नाही. शेवटी पातळ होऊन, थोडे नायट्रिक आम्ल आणि थोडे विरघळलेले नायट्रोग्लिसरीन पोटात घेऊन सगळेच्या सगळे उरते. हे वापरलेले आम्ल नुसते साठवून ठेवणेही धोक्याचे असते. त्यातले स्फोटक हळूहळू वेगळे होऊन वर तरंगते. अशा टाक्यांचे स्फोट झाल्याच्या नोंदी या उद्योगाच्या इतिहासात आहेत. म्हणून वापरलेले आम्ल निवळून, त्यातला नायट्रिकचा अंश काढून, गंधकाम्ल पुन्हा तीव्र करून वापरण्याची पद्धत रुजली. खर्च वाचवणे आणि जीव वाचवणे ही दोन्ही कामे त्या एकाच टप्प्यात होत होती.

दुसरा प्रश्न धुण्याच्या पाण्याचा. तयार स्फोटकात आम्ल उरले तर ते अस्थिर होते, म्हणून ते अनेकदा धुवावे लागते. एक लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम नायट्रोग्लिसरीन विरघळते. आकडा लहान वाटतो. पण हजारो लिटर पाणी रोज नाल्यात गेले तर? शिवाय न विरघळलेले थेंब पाण्याबरोबर वाहतात आणि नालीच्या वळणावर साचतात. म्हणून हे पाणी आडव्या-उभ्या भिंतींच्या हौदांतून सावकाश फिरवून थेंब खाली बसू दिले जात. हा हौद आजच्या सांडपाणी प्रक्रियेतील निवळण टाकीचा भाऊबंदच म्हणायचा.

आणि कामगारांचे काय?

1871 मध्ये नोबेल यांनी स्कॉटलंडमध्ये कंपनी काढली. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये आर्डीर येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि 1873 मध्ये उत्पादन सुरू झाले. एका खोलीतला स्फोट दुसरीत जाऊ नये म्हणून लहान-लहान खोपटी आणि मध्ये वाळूचे बांध, अशी रचना होती. तापमानावर नजर ठेवणाऱ्या कामगाराला एकाच पायाचे स्टूल दिले जाई. डुलकी लागली की तो पडे. कांड्या वळण्याचे काम बहुतेक मुली आणि स्त्रिया करत.

नायट्रोग्लिसरीन त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, रक्तवाहिन्या रुंदावते आणि डोके ठणकते. हळूहळू शरीराला सवय होते. पण रविवारची सुट्टी झाली की सोमवारी डोकेदुखी पुन्हा हजर. नोबेल यांनाही हा त्रास होता. कारखान्याच्या हिशेबात कुठेच न दिसणारी ही गळती होती. ती नालीत न जाता माणसाच्या रक्तात जात होती. गंमत म्हणजे छातीतील कळांवर हेच द्रव्य औषध ठरले. आयुष्याच्या अखेरीस हृदयविकार जडला, तेव्हा डॉक्टरांनी नोबेल यांना नायट्रोग्लिसरीनच घ्यायला सांगितले.

शेवटची वर्षे कशी गेली?

नोबेल 1873 पासून पॅरिसमध्ये राहत होते. लग्न केले नाही. मुक्काम कमी, प्रवास जास्त. जवळपास 20 देशांत मिळून 90 च्या आसपास कारखाने आणि 355 पेटंट त्यांच्या नावावर जमा झाली. 1887 मध्ये त्यांनी बॅलिस्टाइट ही कमी धुराची बंदुकीची दारू काढली. तिचे हक्क इटलीला विकल्यावर फ्रान्समध्ये त्यांच्यावर संशयाचे वातावरण झाले आणि 1891 मध्ये ते इटलीतील सान रेमोला गेले.

1888 मध्ये भाऊ लुडविग वारले, तेव्हा एका फ्रेंच वृत्तपत्राने चुकून आल्फ्रेड यांचाच मृत्युलेख छापला आणि त्यांना मृत्यूचा व्यापारी ठरवले, असे सांगितले जाते. त्यामुळेच त्यांनी पुरस्कार ठेवले, ही गोष्ट लोकप्रिय असली तरी तिला त्यांच्या स्वतःच्या लिखाणाचा आधार नाही. 27 नोव्हेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी अखेरच्या मृत्युपत्रावर सही केली. 10 डिसेंबर 1896 रोजी सान रेमो येथे त्यांचे निधन झाले. मागे राहिलेले 3 कोटी 10 लाख क्रोनरहून अधिक धन बव्हंशी पुरस्कारांसाठी गेले. पहिले पुरस्कार 1901 मध्ये दिले गेले.

नोबेल यांचा उद्योग भारतात कसा आला?

आर्डीरची कंपनी पुढे नोबेल इंडस्ट्रीज झाली आणि 1926 मध्ये आयसीआय या ब्रिटिश उद्योगसमूहात विलीन झाली. याच आयसीआयच्या सहभागातून 1958 मध्ये आजच्या झारखंडमधील गोमिया येथे इंडियन एक्स्प्लोझिव्हजचा कारखाना सुरू झाला. आज देशातील औद्योगिक स्फोटकांचे मोठे केंद्र विदर्भात, नागपूरच्या परिसरात आहे. या उद्योगाचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजेच पेसोचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

नायट्रोग्लिसरीनवर आधारित स्फोटकांचे उत्पादन भारतात 2004 पासून बंद झाले. त्यामुळे आज खाणीत वापरली जाणारी कांडी बोलण्यात जिलेटिनची असली, तरी आत असते ते बहुधा इमल्शन. अमोनियम नायट्रेटचे पाण्यातील तीव्र द्रावण तेलात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेले असते. नायट्रोग्लिसरीनची आम्लाची टाकी आणि धुण्याचे पाणी या कारखान्यातून गेले.

म्हणजे प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. काही प्रश्न सुटले, काहींनी जागा बदलली.

पहिली सुधारणा वाहतुकीत झाली. मोठ्या खाणींमध्ये आता स्फोटक कांड्यांत भरून नेण्याऐवजी मिश्रणाचे घटक टँकरमधून नेतात आणि भोकात ओतताना ते स्फोटक बनते. त्यामुळे रस्त्यावरचा धोका घटतो. शिवाय कांड्यांचे प्लास्टिक, खोकी आणि उरलेला माल नष्ट करण्याचे कामही कमी होते. इमल्शनचा बाद माल काही वेळा पुन्हा प्रक्रियेत घेता येतो. जो घेता येत नाही, तो विस्फोटक नियम 2008 नुसार ठरलेल्या पद्धतीनेच नष्ट करावा लागतो.

दुसरा प्रश्न हवेचा. अमोनियम नायट्रेटसाठी नायट्रिक आम्ल लागते आणि ते बनवताना नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट प्रभावी आहे. योग्य उत्प्रेरक बसवला तर त्याचे विघटन कारखान्यातच करता येते. मुंबईत ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने असा प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली हाती घेतला होता.

तिसरा प्रश्न खाणीतला. मिश्रणात तेलाचे प्रमाण चुकले किंवा भोकात पाणी शिरले, तर स्फोट अपुरा होतो आणि नारिंगी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसांना घातक. न उडालेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते. म्हणजे खडकाच्या भोकात माल उरण्याचा 1860 च्या दशकातला प्रश्न नव्या रूपात आहेच.

चौथा प्रश्न साठ्याचा. 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरुत बंदरात उडाले ते कोणाला नको असलेले, वर्षानुवर्षे पडून राहिलेले 2,750 टन अमोनियम नायट्रेट होते. लष्करी स्फोटकांचा प्रश्न आणखी वेगळा. टीएनटी शुद्ध करताना निघणारे लाल पाणी हे घातक सांडपाणी मानले जाते आणि त्याची विल्हेवाट अवघड व खर्चिक असते.

पालघरच्या वाचकाने हे का वाचावे?

एक कारण सांडपाण्याचे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, तो किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या तक्रारीतून. कारखान्याबाहेर गेलेले पाणी कोणाच्या तरी ताटात येते, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. दुसरे कारण जीवांचे. 17 डिसेंबर 2023 रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटक कारखान्यात स्फोट होऊन 9 कामगारांचा मृत्यू झाला. अशा बातम्यांनंतर चर्चा नुकसानभरपाई आणि चौकशीवर थांबते. रोज किती माल आत गेला, किती बाहेर आला आणि मधली तूट कुठे आहे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

नोबेल यांच्या आयुष्यातून हाती लागणारी गोष्ट हीच आहे. डबा गळला तेव्हा त्यांनी डायनामाइट केले, माती फुकट जाते हे खटकले तेव्हा जिलेटिन केले. तूट दिसली की ती शोधायची, ही सवय त्यांच्याकडे होती. नाल्यात आणि कामगाराच्या शरीरात जाणारी तूट मात्र त्यांच्या काळातल्या वहीत पुरेशी लिहिली गेली नाही. सातिवलीच्या गाळ्यात दिवसअखेर भंगाराचे वजन होते, पावती फाटते. स्फोटकांच्या कारखान्यात भंगारवाला येत नाही, म्हणून तिथे हे वजन रोज, ग्रॅमपर्यंत, मालकानेच करायला हवे. वहीत जे सापडत नाही, ते कारखान्यात कुठेतरी साचलेले असते.